पायाखालच्या झाकणाचं कुलूप

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं, असं परवा तुझ्या शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं. महादेव, नगरपालिकेच्या अध्यक्षांपुरतं तरी ते खरं आहे. त्यांची जीप तू गेलास त्या दिवसापासून तुझ्या दुकानासमोर विटांच्या चवडीवर उभी आहे, चारही चाकं काढलेली. अध्यक्ष सभेला पायी आले आणि पायीच गेले. भाषणात त्यांनी तुला घाटंजीचं भूषण म्हटलं. सात वर्षांपूर्वी भर रस्त्यात त्याच तोंडाने ते तुला काय म्हणाले होते, ते त्यांच्या लक्षात नसावं. माझ्या लक्षात आहे. ते ऐकून घेण्याची पाळी तुझ्यावर कोणामुळे आली, हेही फक्त मलाच ठाऊक आहे, असं मी कालपर्यंत समजत होतो.

सभा वाचनालयात झाली. ठरावाची नक्कल तुझ्या घरी यमुनाबाईंना द्यायची, म्हणून ती शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आली. वर लिहिलं होतं 'कै. महादेव मिस्त्री'. छप्पन्न सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन जो माणूस बौद्ध झाला, त्याला गावाने बसल्या जागी कैलासाला पाठवून दिलं. नावच महादेव, त्यामुळे पत्ता चुकला असं कोणाला वाटलं नाही. मी ते 'कै.' खोडलं. तुझ्या बाजूने मी चारचौघांत केलेली ही पहिली गोष्ट, आणि तिच्यासाठी तुला आधी मरावं लागलं.

मी दमलो आहे, त्यामुळे सजवून लिहिणार नाही. तसंही सजवलेलं तुला आवडत नसे. यवतमाळच्या कोर्टात जाण्यासाठी मी घेतलेली ती काळी टपाची मोटार माझ्या आधी दोघा साहेबांनी वापरून जीर्ण केली होती. ती माझ्या अंगणापेक्षा तुझ्या दुकानातच जास्त राहिली, आणि तिच्यामागे मीही. तू खाली, मी बाजूच्या पेटीवर. तुझ्याकडचा चहा पिणं हे मी माझ्या पुढारलेपणाचं लक्षण समजत होतो. तू तो नुसता चहा समजत होतास. मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हटलं, आणि तू मला शेवटच्या दिवसापर्यंत 'तुम्ही'. आपण एकाच वयाचे होतो. हे मला आत्ता, तुला उद्देशून लिहायला बसल्यावर सुचतं आहे. आता 'तुम्ही' म्हणायला लागलो तर यमुनाबाईही हसतील.

तुझा बाप लोहारकामाच्या दुकानात भाता ओढायचा, आणि तू कापसाच्या जिनातल्या इंजिनावर हात काळे करून मिस्त्री झालास. पूर्वी दसऱ्याला तुझ्या दुकानासमोर रांग लागायची. जिनाचे ट्रक, अध्यक्षांची जीप, डॉक्टरांची मोटार, सगळ्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून. तू पाने-हातोड्या फळीवर मांडायचास आणि एकेका गाडीपुढे नारळ फोडायचास. छप्पन्ननंतर ते थांबलं. दसऱ्याला दुकानाला कुलूप, आणि तू यमुनाबाईंना घेऊन नागपूरला. चहाच्या टपरीवर एका ट्रकवाल्याने तुला छेडलं होतं.

"नाव महादेव अन् तुलेच नारळ चालत नाही काय बे?"

"नाव बापानं ठेवलं," तू म्हणालास. "नारळ म्या बंद केला."

मी हे उत्तर कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत आठवडाभर सांगत होतो. देवाधर्मावर माझा विश्वास नाही, हे गावाला माहीत होतं, कारण ते मीच सगळ्यांना सांगत असे. तुझा नाही, हे तुझ्या कुलूपबंद दुकानावरून कळायचं.

आता सात वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याचं. आमच्या घरात देव बायकोकडे आणि लोखंड माझ्याकडे, अशी वाटणी होती. दसऱ्याला घरातलं सगळं लोखंड बाहेर काढायचं, पुसायचं, तेल द्यायचं: विळी, अडकित्ता, कुऱ्हाड, कुलपं, बायकोचं शिलाईचं मशीन. मग ती त्यावर हळदकुंकू वाहणार. हळदकुंकवाला मी हसत असे, पण तेल देणं मला पटायचं. ते शास्त्रीय वाटायचं. हातात मशीनच्या तेलाची बाटली घेऊन मी घरभर फिरलो आणि शेवटी मोटारीपाशी आलो.

चालवणाऱ्याच्या पायाखालच्या फळीत पंजाएवढं पत्र्याचं झाकण होतं. ते उचललं की मास्टर सिलिंडर दिसायचा. बिडाची ती मुठीएवढी नळी पायाचा दाब तेलामार्फत चारही चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवते, हे मला तूच शिकवलं होतंस. तू दर खेपेला तिच्या डोक्यावरची चकती फिरवून आत बघायचास, म्हणून मीही बघितलं. तेल दोन बोटं कमी होतं. तू नागपूरला. मशीनचं तेल माझ्या हातात, पाण्यासारखं निर्मळ. मी पुष्कळ पुस्तकं वाचली होती, पण त्यांतल्या एकाही पुस्तकात तेल दोन जातींचं असतं असं लिहिलेलं नव्हतं. मी काठोकाठ भरलं, झाकण लावलं, आणि आपण स्वतःच्या हाताने काही केल्याचं समाधान घेऊन जेवायला बसलो.

चार दिवसांनी एक उपमंत्री विहिरीचं उद्घाटन करायला आले. पाहुणा सर्वांना दिसला पाहिजे, आणि टप खाली करता येईल अशी मोटार गावात माझ्या एकट्याचीच, म्हणून मान माझ्याकडे आला. चालवणारही मीच. आदल्या दिवशी तू नागपूरहून परतलास आणि विचारलंस, एकदा पाहून घेऊ काय. मी म्हटलं, मी पाहिलंय सगळं.

मिरवणुकीत मोटार दर दहा पावलांना थांबवावी लागते. दर वेळी मी ब्रेक दाबला, आणि दर वेळी तो सुटायला जास्त वेळ लागला. तिसऱ्या कमानीखाली तो सुटलाच नाही. चारही चाकं जखडली. इंजिन ओरडत होतं, जळका वास सुटला, आणि बँडवाले तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवू लागले. पाहुण्यांना वाटलं, हा थांबा कार्यक्रमातलाच आहे. ते उभे राहिले आणि त्यांनी भाषण सुरू केलं.

तू गर्दीतून आलास. नागपूरसाठी शिवलेला पांढरा सदरा अंगात होता. तसाच मोटारीखाली गेलास. चाकामागचा हवा काढायचा स्क्रू सैल केलास तशी तेलाची चिळकांडी उडाली आणि चाकं मोकळी झाली. बाहेर आलास तेव्हा सदऱ्याची एक बाजू काळी होती. माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "वकीलसाब, आता ब्रेक नाही. इंजन बंद ठेवा. लोक ढकलतीन."

लोकांनी ढकललं. कमानीच्या बुडाशी ठेवलेला एक लाकडी ठोकळा तू उचललास आणि विहिरीपर्यंत मागच्या चाकाला लागून चालत राहिलास. गाडी उतारावर निघाली तर ठोकळा चाकाखाली टाकायचा. पाहणाऱ्यांना वाटलं, तुझ्याकडे काहीतरी मानाचं काम आहे. पाहुण्यांनी नंतर आभाराचं पत्र पाठवलं. मोटार हाताने ढकलत नेणाऱ्या जनतेचं प्रेम ते कधीही विसरणार नव्हते.

पाहुणे गेल्यावर अध्यक्षांनी तुला विहिरीपाशीच गाठलं. नारळ फोडायला लाज वाटते आणि गाड्यांना हात लावायला वाटत नाही काय, असं त्यांनी पन्नास माणसांसमोर विचारलं. गावाला कारण मिळालं: मिस्त्रीनं नारळ सोडला, म्हणून ब्रेक अडकला. मी तिथेच उभा होतो. नारळाचा आणि ब्रेकचा काही संबंध नसतो, हे सांगायला त्या गर्दीत माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. मी गप्प बसलो. तेल हे कारण असेल असं तेव्हा माझ्या मनातही नव्हतं, एवढीच माझी बाजू आहे, आणि ती फक्त एक रात्र पुरली.

दुसऱ्या दिवशी तू मास्टर काढलास. फळ्या उचलल्या, पायडलच्या दांडीची पिन काढली, तेलाची नळी सोडली, दोन बोल्ट खोलले. आतलं तेल चिनी मातीच्या बशीत ओतलंस. मग नेहमीसारखा माझा वर्तमानपत्राचा कागद मागून घेतलास आणि त्यावर एकेक वस्तू ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने मांडत गेलास. बसवताना उलट्या टोकाकडून सुरू करायचं, म्हणजे डोकं चालवावं लागत नाही, असं तू म्हणायचास. तुझ्या या सवयीमुळे मी कित्येक अग्रलेख नटबोल्टांच्या मधून वाचले, आणि त्यांत काही सुटलं असं कधी वाटलं नाही.

त्या दिवशी तेलाला दाब देणारी रबराची वाटी बाहेर येईना. सायकलच्या पंपाने हवा मारून तू ती काढलीस. तिच्या शेजारी नवी ठेवलीस. जुनी मोठी होती. मोठी, मऊ, भिजलेल्या चण्यासारखी. बशीतल्या तेलात बोट बुडवून तू अंगठ्याशी चोळलंस, हुंगलंस, पुन्हा चोळलंस. मी पेटीवर बसून बशीकडे पाहत होतो आणि मला कळलं.

"वकीलसाब, याच्यात कोणी काही टाकलं काय?"

"कोण टाकणार?" मी म्हणालो.

हे उत्तर नव्हतं, उलट प्रश्न होता. कोर्टात एखाद्या साक्षीदाराने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बसू दिलं नसतं. तू मान हलवलीस आणि कामाला लागलास. काडीला फडकं गुंडाळून नळी आतून पुसलीस, बारीक पॉलिश कागदाने उजळलीस, स्पिरिटने धुतलीस, नवी वाटी ब्रेकच्या तेलात भिजवून बोटानेच आत सरकवलीस, तिची कड दुमडू नये म्हणून श्वास धरून.

मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची. त्याला दोघं लागतात. मी पायडलवर, तू मोटारीखाली. तू म्हणणार दाबा, मी दाबणार. धरा, मी धरणार. तुझ्या हातातल्या बाटलीत तेलातून बुडबुडे येणार, तू स्क्रू आवळणार आणि म्हणणार सोडा. चार चाकं, एकेका चाकाला दहा-बारा वेळा. तुला माझं तोंड दिसत नव्हतं, मला तुझं. काही सांगायचं तर याहून सोयीची जागा नव्हती. तासभर आपण बोलत होतो, आणि त्या तासात माझ्या तोंडून एवढंच निघालं: दाबलं. धरलं. सोडलं.

नंतरचे महिने वाईट गेले. जिनाचे ट्रक यवतमाळला जायला लागले. तिथला मिस्त्री पंक्चरलासुद्धा नारळ फोडतो म्हणत. तुझ्याकडे डॉक्टर, मी, आणि शेतातली पाण्याची इंजिनं उरली. एकदा मी तुला समजावलं. फोड की एखादा नारळ, तुझं काय जातं, लोकांच्या समाधानासाठी. हे मी म्हणालो, गावातला एकुलता एक नास्तिक. तू पाना फळीवर ठेवलास.

"अन् मंग धंदा चालला, तं लोक म्हणतीन नारळानं चालला. रबर काहून फुगलं, ते तसंच राह्यलं ना."

आपला तो वाद तिथेच अर्धा राहिला. तुला धंद्यापेक्षा कारण हवं होतं, आणि कारण तुझ्यासमोर पेटीवर बसून चहा पीत होतं.

मग तू स्वतःच एक कारण शोधलंस. टपरीवर, बाजारात, कोणी नारळाचं बोललं की तू सांगायचास, "नारळ नाही न् काही नाही. म्याच रबर मातीच्या तेलात धुतलं असन. चूक माही हाय." मातीचं तेल म्हणजे रॉकेल; त्यानेही रबर फुगतं, पण तू ते रबराला कधी लावलं नव्हतंस. पण नारळाला मोठेपणा द्यायचा की स्वतःला कमीपणा घ्यायचा, एवढाच प्रश्न उरला, तेव्हा तू कमीपणा घेतलास. मी तीनदा तरी तिथे हजर होतो. तिन्ही वेळा मी चहाचे पैसे दिले.

दिवाळीच्या सुमारास तू हे सांगणं एकाएकी बंद केलंस. कोणी विचारलं तर म्हणायचास, कारण समजलं, आता नाही होणार. काय कारण, ते सांगायचा नाहीस. मला वाटलं, विषय संपला. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नागपूरला निघायच्या आधी, तू माझ्या अंगणात आलास. मोटारीतलं तेल पाहिलंस, भरलंस, आणि पायाखालच्या त्या पत्र्याच्या झाकणाला कोयंडा ठोकून छोटं पितळी कुलूप लावलंस. मी विचारलं, हे कशाला. तू म्हणालास, चकत्या चोरीला जाऊन राह्यल्या. किल्ली स्वतःच्या खिशात टाकलीस आणि बस गाठायला पळालास. मी त्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू येऊन कुलूप उघडायचास, तेल पाहायचास, भरायचास, लावायचास. सहा वर्षं.

ट्रकवाले हळूहळू परत आले. एक ट्रक यवतमाळच्या रस्त्यात रात्रभर अडकून पडला, तेव्हापासून त्यांना तुझं दुकान जवळ वाटू लागलं. गावाने तुला माफ केलं. कशाबद्दल, ते गावाला आठवत नव्हतं.

परवा शोकसभा संपल्यावर डॉक्टर आणि मी बाहेर उभे होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, आता तुमच्या मोटारीतलं ब्रेकचं तेल कोण पाहणार, किल्ली तर महादेवकडे. डॉक्टर म्हणाले, "कसली किल्ली?" त्यांच्या मोटारीला कुलूप नाही. जीपला नाही. मी काल दुपारी, या वयात, जिनापर्यंत चालत जाऊन ट्रकही पाहिले. कोणत्याच गाडीला नाही. गेल्या सहा वर्षांत घाटंजीत चकत्यांची एकही चोरी झालेली नाही.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातही थांबवला नाही.

"मी तर तेव्हाच सांगितलं होतं महादेवभाऊले," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. यवतमाळले चालला होता, तर म्हटलं मशीनचं तेल आणजो, यांनी दसऱ्याले सारी बाटली मोटारीत ओतली."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, बाई, तुम्ही बोलू नका काही. वकीलसाब सांगतीन मले."

सात वर्षं तू वाट पाहिलीस. माझ्यासमोर बसून, माझ्या वर्तमानपत्रावर माझ्याच मोटारीचे भाग मांडून. आणखी एकदा तरी विचारायचं होतंस, महादेव. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी तुझ्यावरच ढकलणार होतो. पण तू दर वर्षी माझ्या अंगणात येऊन कुलूप उघडत होतास. तेही विचारणंच होतं, आणि मी दर वेळी तुला विचारत होतो, तेल किती कमी झालं.

म्हणून आता लिहून देतो. हे छापून आल्यावर अध्यक्षही वाचतील, ट्रकवाल्यांना कोणीतरी वाचून दाखवील. त्या दसऱ्याला मास्टरमध्ये मशीनचं तेल मी ओतलं. रबर त्याने फुगलं. नारळाचा त्यात संबंध नव्हता, आणि तुझाही नव्हता. तुला हवं होतं ते कारण हे. ते मी तुला तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. तुझा पांढरा सदरा त्या दिवशी खराब झाला, तो धुऊन निघाला की नाही, हेही मी कधी विचारलं नाही.

आज सकाळी ठरावाची दुरुस्त नक्कल घेऊन मी यमुनाबाईंकडे गेलो. त्यांनी ती वाचली, घडी घालून बाजूला ठेवली, आणि आतून तुझ्या दुकानातल्या खिळ्यावरची एक छोटी पितळी किल्ली आणून दिली. तिला दोऱ्याने पत्र्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर खिळ्याने माझं नाव कोरलं होतं. "हे वकीलसाबले द्यायची म्हणत होते," त्या म्हणाल्या. "कशाची हाय?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा ठेवला. मी तो प्यालो.

घरी येऊन मोटारीत बसलो. गुडघे दुखतात, वाकायला वेळ लागला. किल्ली सहज फिरली, कुलूप तू तेल देऊन ठेवलं होतंस. झाकण उचललं, चकती फिरवली, आणि बराच वेळ आत पाहत राहिलो.

तेल दोन बोटं कमी आहे.